कारचा स्टार्टर बोटीला चालेल का? (उजनी, बजेट ६,०००)

उजनीकाठ: करमाळ्याच्या बाजूला आमची बोट आहे, पेट्रोल इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत). स्टार्टर गेला. सोलापुरात कारचा अगदी तसाच ४,५०० ला मिळतोय. मुंबईहून मरीन, म्हणजे खास बोटीसाठी बनवलेला, मागवला तर १८,०००. काय करू?

भीमाथडी: कारचाच टाका ओ. मरीन म्हणजे खाऱ्या पाण्यासाठी. उजनीचं पाणी गोडं, गंज कुठला? माझा तीन पावसाळे चालतोय.

धक्क्यावरचा: भाऊच्या धक्क्यावर आठ वर्षं काम केलंय. प्रश्न गंजाचा नाहीच. स्टार्टर फिरताना आतल्या ब्रशपाशी (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) ठिणग्या पडतात. कारला खालून मोकळं असतं, पेट्रोलची वाफ निघून जाते. वाफ हवेपेक्षा जड, बोटीत ती तळाशी साचते. मरीन स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये असेच बनवलेले असतात. १८,००० घाला.

माळरान: डिझेल घ्या, विषय संपला. आमच्या माशांच्या बोटीला शेतीपंपाचं इंजिन आहे. हँडल मारायचं, स्टार्टरच नको.

सातरस्ता: मीही तेच म्हणतो, मरीन घ्या. ऑइलही बघा. आउटबोर्डात (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन) बाईकचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, ओतून माझा पिस्टन जाम झाला. पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं ऑइल लागतं.

भीमाथडी: त्यांचं इनबोर्ड आहे, टू-टीचा संबंध काय? तुमचं इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं चाक) गेलं असेल.

सातरस्ता: इम्पेलर दोन महिन्यांपूर्वीच बदललेलं.

धक्क्यावरचा: उजनीकाठ, फ्युएल पंपही बघाच. कारच्या पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर गळतं. मरीनला दोन पडदे आणि कार्बोरेटरकडे जाणारी पारदर्शक नळी. नळीत पेट्रोल दिसलं की पंप बदलायचा. ऑइल फिल्टर, बेल्ट, प्लग नंबर जुळवून कारचे चालतात, पैसे तिथं वाचवा. जुना स्टार्टर मात्र दुरुस्तीला देऊ नका, सील परत नीट बसवत नाहीत.

उजनीकाठ: सगळ्यांचं वाचलं. तरी जुनाच उघडला. आर्मेचर (आतला फिरणारा भाग) चांगलं, ब्रश आणि बुश झिजलेले. होटगी रोडला १,४०० त झाला. ठिणगी आतच ठेवणारी सील, जाळी माझ्यासमोर बसवून घेतली, दोन तास हललो नाही. पंप बघितला तर आधीच्या मालकानं कारचा बसवलेला! चार वर्षं त्यावर घरच्यांना फिरवलंय, रात्री झोप लागली नाही. उरलेल्या पैशात काही भर घालून मरीन पंप मागवलाय. तो येईपर्यंत बोट काठाला बांधून ठेवलीय.