१३-० करूनही बाहेर! २०२३ च्या फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला की नाही?

टॅम्पाकर:
आमच्याकडे हा विषय निघाला की अजून आवाज चढतात, म्हणून धागाच काढतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: २०२३ ला फ्लोरिडा स्टेटनं सगळ्या म्हणजे सगळ्या १३ मॅच जिंकल्या, एसीसी या आपल्या कॉन्फरन्सचं (टीमच्या गटाचं) टायटल घेतलं, आणि तेव्हा प्लेऑफला चारच टीम जायच्या तर टीम निवडणाऱ्या १३ जणांच्या कमिटीनं यांना नेमकं पाचव्या नंबरवर बसवलं. का, तर क्वार्टरबॅक (बॉल फेकून अख्खा हल्ला चालवणारा) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय नोव्हेंबरात मोडला. आणि एक मॅच हरलेली अलाबामा आत! पॉवर फाइव्हमधला, म्हणजे पाच बड्या कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित चॅम्पियन बाहेर राहिला असं या प्लेऑफमध्ये आधी कधीच झालं नव्हतं. मैदानात झालं ते मोजा ना, भविष्य सांगायला कुणी बसवलंय तुम्हाला?

हन्ट्सव्हिलकर:
असहमत. अलाबामावाला आहे, घाला शिव्या. पण महत्त्वाचा खेळाडू नसेल आणि पुढच्या खेळावर त्याचा परिणाम होणार असेल तर ते धरायचं, हे कमिटीच्या नियमातच आहे, ऐनवेळी काढलेलं खुसपट नाही. लुईव्हिलविरुद्धची एसीसी फायनल बघितलीत का? तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचं) पोरगं, अख्ख्या मॅचमध्ये बॉल फेकून मिळवलेले जेमतेम ५५ यार्ड. बघवत नव्हतं हो. त्याच दिवशी आम्ही जॉर्जियाला २७-२४ हरवलं, सलग २९ मॅच जिंकून आली होती ती टीम.

टॅम्पाकर:
५५ यार्ड दिसले, १६-६ नाही दिसला? लुईव्हिलला एक टचडाऊन करू दिला नाही आमच्या डिफेन्सनं. आमच्या टोआफिलीनं एकदा बॉल घेऊन ७३ यार्ड पळ काढला तोही विसरलात. आणि तुमचं काय हो, ऑबर्नविरुद्ध चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, ३१ यार्ड पाहिजेत, घड्याळ संपत आलंय आणि तिथं टचडाऊन लागला म्हणून वाचलात. सप्टेंबरात टेक्सासनं तर तुमच्या घरात येऊन ३४-२४ धुतलं.

पुणेरी_पंटर:
मला यातलं घंटा कळत नाही पण त्याच वर्षी वर्ल्डकपला हार्दिक आमच्या गहुंज्यात बांगलादेशविरुद्ध जखमी झाला, मग भारताला सेमीफायनलमधून काढायचं होतं का?

हन्ट्सव्हिलकर:
पंटरभाऊ, तिथं सगळे सगळ्यांशी खेळतात, पॉइंट टेबल असतं, विषय संपला. इथं १३० च्या वर टीम, प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं, तुमच्या एसीसीतला विजय आणि आमच्या एसईसी कॉन्फरन्समधला विजय एकाच तराजूत कसे टाकणार? कुणीतरी बसून ठरवणारच.

कोलंबसची_काकू:
ओहायो स्टेट २०१४ आठवतंय का कुणाला? तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स, आणि टायटल आमचं! तेव्हा बरं आत घेतलं.

हन्ट्सव्हिलकर:
काकू, त्यानं निवडीच्या आदल्याच दिवशी विस्कॉन्सिनला ५९-० नं झोपवलं होतं. कमिटीला डोळ्यांनी दिसलं. इथं काय दिसलं, ५५ यार्ड. आणि नंतर ‘ऑरेंज बोल’ या प्लेऑफबाहेरच्या मॅचमध्ये जॉर्जियानं तुम्हाला ६३-३ केलं त्यावर तुम्ही लोक गप्पच.

टॅम्पाकर:
आलंच ते ६३-३! अहो प्लेऑफच काढून घेतल्यावर त्या मॅचसाठी कोण गुडघे फोडून घेईल, निम्मे-अधिक बिनीचे खेळाडू उतरलेच नाहीत. त्या टीममधले दहा जण पुढच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडीत) गेले एनएफएल या व्यावसायिक लीगला, लुळीपांगळी टीम असती तर गेले असते? आणि त्या निकालावरून डिसेंबरच्या सुरुवातीचा निर्णय बरोबर ठरवणं म्हणजे कमालच.

काठावरचा:
दोघांचंही पटतं, जास्त टॅम्पाकरांचं. पुढच्याच वर्षी १२ टीमचा प्लेऑफ झाला, एक वर्ष आधी झाला असता तर हा धागाच नसता.

हन्ट्सव्हिलकर:
आणि त्या पुढच्या वर्षी फ्लोरिडा स्टेट २-१०, दोन जिंकल्या, दहा हरल्या. बाराच काय, पन्नास टीम घेतल्या असत्या तरी बाहेरच.

टॅम्पाकर:
ती टीम वेगळी होती राव. आणि २०२३ च्याच प्लेऑफमध्ये, ‘रोज बोल’च्या मॅचला मिशिगननं ओव्हरटाइममध्ये घरी पाठवलं ते कुणाला हो?