क्लीन टोनसाठी अँप सिम्युलेटरची तुलना खरोखरच निरर्थक आहे काय?

नेकपिकअप (पुणे)

या मंचावरचे 'ट्रान्झिस्टर' यांनी काल असे लिहिले की, जॅझ वाजवणाऱ्याने अँप सिम्युलेटर पेडलांची (खऱ्या अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या छोट्या पेट्यांची) तुलना करत बसणे हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे. गेन (आवाज फाटेल अशी वाढ) नसलेल्या, म्हणजे क्लीन, आवाजात फरक पडण्यासारखे काही उरतच नाही, तेव्हा कोणतेही पेडल घ्यावे, गिटारवरचा टोनचा नॉब खाली आणावा आणि मोकळे व्हावे. या विधानाला इतक्या जणांनी माना डोलावल्या की सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गेन चढवला की पेडलचे निम्मे दोष त्यात बुडून जातात. क्लीन आवाजात मात्र झाकायला काहीच नसते. हॉलोबॉडी (पोकळ अंगाची) गिटार, नेक पिकअपवर हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप), बाराच्या (०.०१२ इंच जाडीपासूनच्या) तारा एवढ्या साहित्यावर सहाव्या तारेपासून एक मेजर सेव्हन्थ कॉर्ड वाजवून पाहावी. खालचा रूट (मूळ स्वर) आणि वरचे तीन स्वर वेगवेगळे ऐकू येतात, की सगळ्यांचा मिळून एक लगदा होतो, हे दोन पेडलांवर सहज निराळे निघते.

युनिव्हर्सल ऑडिओचे ड्रीम ६५ आणि स्ट्रायमनच्या इरिडियममधला 'राउंड' हा अँप ही पेडलांची जोडीच घेऊ. दोन्हींचे मूळ एकच, फेंडर डिलक्स रिव्हर्ब: २२ वॅट आणि १२ इंची एकच स्पीकर. त्या मूळ अँपवर मिडलचा नॉबच नाही. फेंडरच्याच ट्विन रिव्हर्बवर जिथे मिडलचा पॉट (फिरवता रेझिस्टर) असतो, तिथे डिलक्समध्ये ६.८ किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा बसवलेला आहे. ड्रीमने ही रचना प्रामाणिकपणे जपली आहे, त्यामुळे बेस आणि ट्रेबल मध्यावर ठेवले की मधल्या पट्टीत जो खड्डा पडतो तो तसाच पदरी येतो. आणि जॅझ गिटारचा सगळा गर त्याच पट्टीत असतो. उपाय एकच, बेस आणि ट्रेबल दोन्ही बरेच खाली आणायचे आणि व्हॉल्यूम थोडा वाढवायचा. इरिडियमवर मिडलचा नॉब दिलेला असल्याने ही कसरत करावी लागत नाही. दुसरीकडे, ड्रीमवर स्पीकर बदलण्याची कळ आहे आणि त्यातला ईव्ही १२ लावला की खालचे स्वर असे घट्ट बसतात की इरिडियमच्या मूळ कॅबिनेटमध्ये (स्पीकरच्या नकलेत) ते मला तरी मिळाले नाहीत. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पमध्ये ट्विनही आहे, रोलंड जेसी-१२० देखील आहे, आणि कॅबिनेटच्या ब्लॉकमध्ये 'हाय कट' (वरचा भाग कापणारे नियंत्रण) आहे, जो पाच हजार हर्ट्झच्या आसपास आणला की माइकचा करकरीतपणा निघून जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, अँपच्या नावावरून तुलना करणारे चुकतात. आधी स्पीकर आणि माइकचा आयआर (त्यांच्या आवाजाचा डिजिटल ठसा) ऐकावा, नंतर मधली पट्टी, नंतर हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळीक), आणि अँपचे नाव सर्वांत शेवटी वाचावे. पण तुलना करूच नये, हा आळसाचा सल्ला आहे.

ट्रान्झिस्टर (ठाणे)

आळशी ठरवल्याबद्दल आभार. आपण एवढे लिहिलेत, पण ज्यांचा टोन सगळ्यांना हवा असतो ती मंडळी कशावर वाजवत होती, हे सोयीस्करपणे गाळलेत. जो पास पॉलीटोनवर वाजवत असत. वेस माँटगोमेरी यांनी स्टँडेलचे अँप वापरले. रोलंडचे जेसी-१२० हे १९७५ पासून रंगमंचावर आहे. या तिन्हींत व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) पत्ता नाही. मग व्हॉल्व्ह अँपची नक्कल करणाऱ्या डिजिटल पेटीसाठी जॅझवाल्याने महिन्याचा पगार का घालवायचा? साधे ट्रान्झिस्टर अँप घ्यावे, नाहीतर जुने कीबोर्ड अँप घ्यावे, ते तेवढेच स्वच्छ वाजते.

शिवाय पेडल बिघडले की काय होते, हे कोणी लिहीत नाही. माझे एक महागडे पेडल दुरुस्तीला गेले, तेव्हा विक्रेत्याने ते परदेशी पाठवावे लागेल असे सांगितले, येण्याजाण्याचा खर्च माझ्याच माथी मारला, आणि परत आले तेव्हा बिघाड जसाच्या तसा होता. कीबोर्ड अँप मात्र आमच्या स्टेशनाबाहेरचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. आयात शुल्क भरून परावलंबन विकत घेण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी ती खुशाल भागवावी.

टोरोंटोकर

ट्रान्झिस्टर यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि मी ज्या शहरात राहतो तिथलेच उदाहरण त्यांच्या बाजूने देता येईल. इथले जॅझ गिटारवादक एड बिकर्ट भरीव लाकडाच्या टेलिकास्टर गिटारवर वाजवत आणि रोलंडचे छोटेसे क्यूब ६० वापरत. त्यांच्या कॉर्ड ऐकून कोणालाही ही भली मोठी हॉलोबॉडी असावी असे वाटेल.

मात्र यातून निघणारा निष्कर्ष त्यांच्या विरोधात जातो. पॉलीटोन, क्यूब आणि जेसी-१२० ही तिन्ही ट्रान्झिस्टरचीच असूनही एकमेकांसारखी मुळीच वाजत नाहीत. जेसीचा वरचा भाग काचेसारखा लखलखीत, पॉलीटोनचा अंधारलेला. म्हणजे स्वच्छ आवाजातही फरक असतो, आणि नेकपिकअप हेच सांगत आहेत. राहिला दुरुस्तीचा राग, तर तो रास्त आहे, पण त्याचा टोनशी संबंध नाही.

चपटीतार (दादर)

आपण सर्व जण पेट्यांवर भांडत आहात आणि मूळ प्रश्नाला कोणी हात लावत नाही. तारा कोणत्या आहेत? राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारा लावून, टोनचा नॉब शून्यावर आणून 'जॅझ टोन मिळत नाही' म्हणणाऱ्यांची मला आता कीव येऊ लागली आहे. वेस माँटगोमेरी जाड फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा) वापरत, जिम हॉल फ्लॅटवाउंड वापरत, पॅट मेथिनी आजही वापरतात. फ्लॅटवाउंड लावल्यावर वरचा चरचराट मुळातच नसतो, बोटे सरकल्याचा आवाज येत नाही, आणि टोनचा नॉब सात-आठवर राहू शकतो. नॉब पूर्ण शून्यावर नेला की कपॅसिटरमुळे खालच्या मधल्या पट्टीत एक फुगवटा तयार होतो, तो कोणत्याही पेडलने निघत नाही. फ्लॅटवाउंडच्या दोन संचांत जो बदल होतो तो कोणत्याही सिम्युलेटरने होणार नाही, हे मी लिहून देतो.

मडगावची_हवा

लिहून देण्याची घाई करू नये. जॉन स्कोफील्ड राउंडवाउंड वापरतात, बिल फ्रिसेल राउंडवाउंड वापरतात. त्यांना जॅझच्या यादीतून काढायचे असल्यास तसे जाहीर करावे. फ्लॅटवाउंडवर एक सूर लांबवून पाहा, तो जागच्या जागी बसतो. बॅलडमध्ये सूर गायला हवा असेल, तर तारेला थोडा वरचा भाग लागतोच, आणि तो हवा तेवढा कमी करण्यासाठीच तर चांगला आयआर असतो. एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो की आमच्याकडच्या खाऱ्या हवेत राउंडवाउंड फार लवकर मरतात, पावसाळ्यात तर गिटार केसमधून काढेपर्यंत तारांवर तांबूस पूड दिसू लागते, आणि फ्लॅटवाउंड त्या मानाने टिकतात. पण टिकाऊपणा म्हणजे टोन नव्हे. टिकाऊपणाच हवा असेल तर तारकुंपण लावावे.

चपटीतार (दादर)

ज्यांना गिटारमधून सतारीचा चरचराट हवा आहे त्यांनी तो जरूर ऐकावा, मात्र त्याला बीबॉप जॅझ म्हणू नये. आपले वादन मी ऐकलेले नाही, परंतु किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात सूर्यास्ताच्या वेळी वाजणाऱ्या पार्श्वसंगीताला जो टोन चालतो, तो सगळीकडे चालतोच असे नाही.

मडगावची_हवा

ताज महाल हॉटेलात तीसच्या दशकात जॅझ वाजू लागला तेव्हापासून मुंबईतल्या वाद्यवृंदांत वाजवणारे बहुतेक हात कोणत्या गावांतून आलेले होते, हे दादरकरांनी एकदा तपासून पाहावे आणि मग आम्हाला पार्श्वसंगीत शिकवावे. त्यांनीही त्या काळात उपाहारगृहांतच वाजवले होते.

मिक्सरमागचा (अंधेरी)

दोघांनीही थोडे थांबावे. मी वाजवत नाही, तुमचे वाजवलेले लोकांपर्यंत पोहोचवतो, त्यामुळे तारांच्या धर्मयुद्धात मला रस नाही. तिकडून फ्लॅट आली काय आणि राउंड आली काय, माझ्यापुढे तक्रार एकच येते, ती म्हणजे 'घरी छान वाजत होते.'

घरी ते छान वाजतच असते. कमी आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही पेडलवर बेस वाढवता. तीच सेटिंग रंगमंचावर मोठ्याने लावली की सगळे घोंगावू लागते, आणि हॉलोबॉडी असेल तर पहिल्या लांब सुरालाच फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा घुमारा) सुरू होतो. गेल्या हिवाळ्यात एका हॉटेलच्या लाउंजमध्ये व्यवस्थापकाने अँप वर चढवूच दिले नाही, कारण टेबलांवरच्या लोकांना गप्पा मारायच्या होत्या. गिटारवाल्याने पेडल सरळ मिक्सरला जोडले, पण त्यातला कॅबिनेट बंद होता, कारण घरी तो ते पेडल खऱ्या अँपमध्ये घालून वाजवत असे. पहिली कॉर्ड माझ्या हेडफोनमध्ये पत्र्यासारखी आली. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचे बहुतेक सगळे गिळतो. तो नसेल तर ते सगळे मिक्सरपर्यंत येते. मी वाकून त्याच्या पेडलवर कॅबिनेट चालू केला, माझ्याकडे शंभर हर्ट्झच्या खालचे कापले, आणि मग त्या पेडलचा खरा आवाज ऐकू आला. तो उत्तम होता, हे ट्रान्झिस्टर यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. त्यांचे कीबोर्ड अँप त्या लाउंजच्या दारातूनच परत गेले असते.

आणि पुढचा आक्षेप येण्यापूर्वीच लिहितो: डिजिटल पेडल दोन-तीन मिलिसेकंद उशीर करते, ही ओरड निरर्थक आहे. आवाजाला एक मीटर जायलाच सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. अँपपासून दोन पावले मागे सरकलात, तर तेवढा उशीर तुम्ही स्वतःच केलेला असतो.

ट्रान्झिस्टर (ठाणे)

उशिराचा आक्षेप मी घेतलेलाच नव्हता, परंतु माझ्या वतीने घेऊन तो माझ्यासाठी खोडून काढल्याबद्दल कृतज्ञ आहे. लाउंजच्या दाराचा मुद्दा मान्य करतो, कारण जिथे अँपच चढवू देत नाहीत तिथे अँपची बाजू कशी लढवणार. म्हणजे सिम्युलेटर चांगले म्हणून नव्हे, तर व्यवस्थापक वाईट म्हणून घ्यावे, इतपत आपले एकमत झाले आहे.

तरीही दोन हजार हर्ट्झच्या वरचे सगळे टोनच्या नॉबने कापून टाकल्यावर ड्रीम आणि इरिडियममधला फरक डोळे मिटून ओळखता येईल, हे मला पटलेले नाही. कोणी ओळखून दाखवावे.

नेकपिकअप (पुणे)

दाखवतो. मात्र अटी आधीच ठरवू. गिटार एकच, वाजवणारा एकच, दोन्ही पेडलांची पातळी मिक्सरवर मोजून समान केलेली, कारण जे किंचित मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते, आणि बहुतेक 'तुलना' तिथेच फसतात. दोन्हींचा रिव्हर्ब आणि इरिडियमचा 'रूम' बंद, नाहीतर आपण खोल्यांची तुलना करत बसू. एकट्या सोलोवर भरवसा नको, बाससोबत कॉम्पिंगही (साथीला कॉर्ड वाजवणेही) हवे, कारण लगदा होतो तो तिथेच. ड्रीमवर बेस-ट्रेबल मी लावीन, इरिडियमवर ट्रान्झिस्टर यांनी लावावेत, म्हणजे मुद्दाम वाईट लावले असा आरोप कोणी करू शकणार नाही. त्यांचे कीबोर्ड अँपही आणावे. त्याला माइक लावून तिसऱ्या क्रमांकावर ठेवू, आणि ते पहिले आले तर मी तसे इथे लिहीन, फार आनंदाने नाही, पण लिहीन.

मिक्सरमागचा (अंधेरी)

पातळी मी मोजून देतो. कोणते कधी वाजते आहे हे फक्त मला माहीत असेल. ऐकताना हात वर करून शेजाऱ्याकडे पाहण्यास मनाई.

चपटीतार (दादर)

परीक्षेच्या गिटारवर फ्लॅटवाउंड असतील, असे मी गृहीत धरतो.

मडगावची_हवा

आपण काहीही गृहीत धरू नये. गिटार मी आणतो आहे.