विशारद झाल्या झाल्या क्लास काढू नका, निदान रियाजाची सकाळ तरी विकू नका

पूरिया_ठाणे:
स्पष्टच लिहिते, राग आला तरी पूर्ण वाचा. आमच्या घोडबंदर रोडला सोसायटी-सोसायटीत गाण्याचे क्लास आहेत, शिकवणारे बरेचसे पंचविशीतले, नुकतेच विशारद (गाण्यातली पदवीसारखी परीक्षा) झालेले, आणि त्यातले काही गळे इतके सुंदर आहेत म्हणूनच जीव तुटतो. तीन-चार वर्षांनी त्यांचं गाणं ऐका, जिथे होतं तिथेच असतं. पुरुष गायकाची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर तो सा धरतो ती, पेटीवरची पांढरी एक नाहीतर काळी एक, समोरची मुलं गाणार बरंच वर, काळी चार-पाचमध्ये, म्हणजे रोज संध्याकाळी तीन तास परक्या पट्टीत तेच तेच पलटे (स्वरांचे सराव) म्हणून दाखवायचे, मग रात्री स्वतःचा तानपुरा लावायला गळ्यात उरतं काय? त्यात आता अमेरिकेतल्या मुलांचे ऑनलाइन क्लास. त्यांची संध्याकाळ ती आपली पहाट, साडेपाच-सहाला लॅपटॉप उघडून बसायचं, म्हणजे खर्जाची, खालच्या स्वरांच्या रियाजाची, वेळच गेली. गाण्याच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात, नेमका तोच मैफिलींचा सीझन. माझं मत असं की पहिली आठ-दहा वर्षं शिकवूच नये, पोटासाठी दुसरी नोकरी करावी. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होतेच की.

मध्यलय_नेरूळ:
ताई, मी तबलावाला आहे, मैफिलीत आणि क्लासमध्ये दोन्हीकडे वाजवतो, त्यामुळे हिशोब जवळून बघतो. तरुण गायकाला वर्षभरात कार्यक्रम मिळतात किती? दिवाळी पहाट, गणपती, एखाद्या मंडळाची मासिक सभा. जे पाकीट मिळतं त्यातून तबला, पेटी, मागे तानपुऱ्याला बसलेली मुलगी, येण्याजाण्याची गाडी, सगळं वजा केलं की गायकाच्या हातात कधी कधी माझ्यापेक्षा कमी राहतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि नोकरी करा म्हणता, पण नेरूळहून सीएसटीला लोकलने जाऊन येऊन नऊ तास ऑफिस केल्यावर रियाज कधी होणार ते पण सांगा ना. क्लासमध्ये निदान दिवसभर सूर कानावर असतो, दुपार मोकळी मिळते. सगळ्यांना वसंतरावांचा गळा आणि हिंमत नसते.

सेक्टर९_वाशी:
मूळ मुद्दाच पटला नाही. शिकवणं म्हणजे गाण्याला लागलेली कीड असं तुम्ही मांडताय. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे गाण्याचं विद्यालय काढलं ते कशासाठी? गाणाऱ्याला राजाच्या मर्जीवर न राहता मानाने पोट भरता यावं हा त्यात मोठा भाग होता. त्यांचे शिष्य बघा, विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, सगळे गाजलेले गायक आणि सगळ्यांनी शिकवलं. विनायकबुवांनी 1932 ला पुण्यात विद्यालय काढलं आणि मैफिलीही गाजवल्या. गाण्याच्या परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ आज आमच्या वाशीत आहे, परीक्षेच्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यातून तानपुरा छातीशी धरून आलेली पोरं दिसतात, त्यांना तिथपर्यंत आणणारा हा तुमचा पंचविशीतलाच शिक्षक असतो. त्याने शिकवलं नाही तर उद्या मैफिलीला समोर बसणार कोण?

पूरिया_ठाणे:
काका, तुम्ही घेतलेली नावं आधी गुरूपाशी वर्षानुवर्षं राहून तयार झाली, मग शिकवायला बसली. आजचा मुलगा आठवड्यातून दोनदा गुरूंकडे जातो आणि सहा दिवस क्लास घेतो. गायक उल्हास कशाळकर घ्या, आमच्या ठाण्याच्या राम मराठ्यांकडे आणि गजाननबुवा जोशींकडे शिकले, आकाशवाणीत नोकरी केली, मग कोलकात्याला आयटीसी कंपनीच्या संगीत अकादमीत गुरू झाले. तिथे शिकणाऱ्यांना स्कॉलरशिप आणि राहायची सोय असते, म्हणजे तयारीच्या वर्षांत फक्त गाणं. मी तेच म्हणतेय, वर्षं राखून ठेवा.

अनघा_कळवा:
मी पंधराहून जास्त वर्षं शिकवते आणि गातेही, मला पूरियाचं अर्धंच पटतं. पट्टीचं अगदी खरं, मी मुलांना आणि पुरुषांना एका बॅचला बसवतच नाही. पण शिकवण्याने गाणं थांबतं हे मला सरसकट मान्य नाही. एकदा एका मुलाने विचारलं, भूप आणि देशकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच, मग वेगळं काय? भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि देशकारचा धैवत हे परीक्षेत मीही लिहिलं होतं, पण त्याला गळ्यातून दाखवायला लागले तेव्हा लक्षात आलं की माझा देशकार दर दोन आवर्तनांनी गंधारावर रेंगाळून भूपात शिरतोय. मग महिनाभर तेवढंच घोटलं. मैफिलीत हे मला कुणी सांगितलं नसतं, लोकं टाळ्या वाजवून घरी जातात.
आणि एकाच गुरूच्या दोघी बघा ना. अल्लादियाखाँसाहेबांकडे केसरबाई केरकर पण शिकल्या आणि मोगूबाई कुर्डीकर पण. केसरबाईंनी जवळपास एकट्या धोंडूताई कुलकर्णींना तालीम दिली, मोगूबाईंनी किशोरीताई आमोणकर घडवल्या, कमल तांबे, आणखी कितीतरी जणी. दोघींच्या गाण्यापुढे डोकं टेकवावं असंच आहे, मग शिकवल्याने मोगूबाईंचं गाणं कुठे कमी झालं?

पूरिया_ठाणे:
अनघाताई, देशकारचं वाचून थांबले, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पण तुम्हाला तो देशकार महिनाभर घोटायला वेळ होता. ज्याच्याकडे रोज चार बॅचेस आहेत त्याला चूक कळली तरी घोटणार कधी? शिकवूच नये हा माझा हट्ट थोडा बाजूला ठेवते, सकाळचा सोडणार नाही. पहाटे पाच ते आठ कुणालाही विकायची नाही, डॉलरमध्ये फी आली तरी नाही.

मध्यलय_नेरूळ:
सकाळचं मान्य. पण मग फी वाढवावी लागेल आणि इथे पालक महिन्याच्या फीवरून घासाघीस करतात, तेच कीबोर्डच्या क्लासला निमूट दुप्पट देतात. धाग्यावर पालक असतील तर त्यांनी बोलावं. मुलाचा सर गाणारा हवा असेल तर त्याचे मैफिलीचे दिवस फी न कापता सोडाल का, आणि ठाण्याच्या गडकरीला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात त्याचं गाणं असेल तेव्हा तिकीट काढून मुलाला घेऊन याल का?

सेक्टर९_वाशी:
मी पालक नाही, आजोबा आहे. नातीच्या बाईंचं गाणं असतं त्या दिवशी क्लास बंद, आणि आम्ही सगळे तिकडे. फी कापायचा विषय आमच्याकडे कधी निघाला नाही. बाकी विशारदनंतर शिकवू नये हे मला अजूनही मान्य नाही, त्यावर सवडीने परत लिहीन.