ब्रेकचे लायनर टाकल्यापासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) दिवा ये-जा करतोय, मेस्त्री म्हणतो फ्यूज काढून टाक

आडगाव_ट्रेलर
नमस्कार मंडळी. हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) बीएस ६, मागे ४० फुटी ट्रेलर, लाइन पिंपळगाव ते जेएनपीटी, कांदा नाहीतर सीझनला द्राक्षाचे रीफर (थंड कंटेनर). मागच्या आठवड्यात हॉर्सचे मागचे लायनर टाकले, त्याच वेळी हब खोलून बेअरिंगला ग्रीस केलं, आणि तेव्हापासून हे सुरू झालंय. चावी फिरवली की दिवा लागतो, गाडी थोडी चालली की जातो, मग नाशकात द्वारकाला सिग्नलला थांबताना अगदी शेवटी, गाडी माणूस चालतो एवढ्या स्पीडला आली की फुस्स फुस्स हवा सुटते, ब्रेक ढिला पडतो, गाडी चार फूट पुढे सरकते आणि मग दिवा लागतो तो चावी बंद करेपर्यंत जातच नाही. पुढे कोणी दुचाकीवाला असला तर काय? मेस्त्री म्हणतो सगळेच जण एबीएसचा फ्यूज काढून चालवतात, काही होत नाही. पण पावसात कसारा उतरायचाय म्हणून विचारतोय. आणि दुसरं, दिंडोरीकडे पॅकहाऊसच्या कच्च्या रस्त्याला परवा एक चाक नुसतं जागेवर फिरत होतं, ट्रॅक्शन कंट्रोलने काहीच केलं नाही. हा वेगळा फॉल्ट आहे का?

सिन्नर_वायरमन
फॉल्ट एकच आहे भाऊ. हब काढला तेव्हा सेन्सर मागे सरकला आणि बसवताना कोणी परत ढकलला नाही, दहातल्या आठ गाड्यांना हेच निघतं. हबवर दातेरी रिंग असते, सेन्सर तिच्यासमोर नुसता क्लिपच्या बुशमधे घट्ट बसवलेला असतो, बोल्ट नाही काही नाही. दात पुढून गेले की त्यात करंट तयार होतो, चाक हळू फिरलं की करंटही कमी. गॅप जास्त असेल तर स्पीडला सिग्नल बरा येतो म्हणून तुझा दिवा जातो, पण थांबता थांबता तो आधीच मरतो, कंट्रोलरला वाटतं हे चाक लॉक झालं, तो त्या चाकाची हवा सोडतो. तीच तुझी फुस्स फुस्स. मग त्याला कळतं की सिग्नलच बोगस आहे, तो त्या चाकाचं एबीएस बंद करून दिवा लावतो. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच सेन्सरवर नि त्याच कंट्रोलरवर चालतं, ते पण सोबत झोपतं.

करायचं एवढंच की पुढच्या चाकांना उटी (अडवायचा ठोकळा) लाव, मागचं चाक जॅकवर घे, सेन्सर हाताने रिंगला टेकेपर्यंत आत ढकल (स्क्रू ड्रायव्हरने ठोकू नको, हात जोडतो), चाक फिरव, गॅप आपोआप पडतो. मग प्लग काढून मीटर लाव, ओहम साधारण हजार ते अडीच हजाराच्या मधे पाहिजे. नंतर एसी व्होल्टवर टाकून चाक दोन सेकंदाला एक फेरा असं हाताने फिरव, ०.२ व्होल्ट तरी यायला पाहिजे, आणि डाव्या-उजव्यात फार फरक नको. ढकलूनही परत मागे येत असेल तर बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आहे किंवा बुश गेलंय, तेव्हा बेअरिंग परत टाइट करून घे, नाहीतर रोज ढकलत बसशील.

जुना_घाटवाला
आमच्या टायमाला कुठं होतं एबीएस, पाय मारून सोडून मारून सोडून उतरायचो. आणि कसाऱ्यात एबीएस काय करणार? तिथं ब्रेक तापून जातात. पोरं डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात, मग ड्रम लाल होतो, फुगतो, लायनर पोचतच नाही, आणि म्हणतात ब्रेक फेल. ज्या गिअरने घाट चढतो त्याच्यापेक्षा वर जायचं नाही, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून गाडी हळू करतो तो) लावायचा. दिवा बिवा सगळं नंतर.

सिन्नर_वायरमन
मामा तापण्याचं शंभर टक्के बरोबर, एबीएस गरम ड्रमला गार करत नाही आणि थांबायचं अंतर दरवेळी कमी होईल असंही नाही. पण पावसात रिकामा ट्रेलर घेऊन जोरात ब्रेक मारला की चाकं लॉक होतात, तेव्हाचं काय? पुढची लॉक झाली तर स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही, हॉर्सची मागची झाली तर हॉर्स ट्रेलरवर दुमडतो, ट्रेलरची झाली तर शेपूट बाजूच्या लेनमधे. फ्यूज काढला तर ब्रेक लागतील, साधे हवेचे ब्रेक आहेत ते, पण ही तिन्ही भानगड परत तुमच्या पायावर आली. आणि एबीएस चालू असताना पाय मारून सोडून करायचं नाही, दाबून धरायचं, ते काम तो माणसापेक्षा कितीतरी फास्ट करतो. ओल्या रस्त्यावर एक्झॉस्ट ब्रेकनेच मागची चाकं सरकायला लागली तर बऱ्याच गाड्यांत एबीएस तो एक्झॉस्ट ब्रेक पण तेवढ्यापुरता बंद करतो. वर २०१५ पासून नव्या जड गाड्यांना हे सक्तीचं आहे, दिवा लावून फिटनेसला कुठं जाता.

कंटेनर_यार्ड
ट्रेलरचं कोणीच विचारलं नाही राव. लाल-पिवळा पाइप सगळे जोडतात, पण एबीएसचा जाडा २४ व्होल्टचा पाच किंवा सात पिनचा प्लग अर्ध्या गाड्यांचा मागे लोंबत असतो, नाहीतर सॉकेटमधे माती भरलेली. तो नसला की ट्रेलरचं एबीएस झीरो. ट्रेलरच्या टायरला एका जागी चपटा पडलेला दिसला की समजायचं तो लॉक होऊन घासलाय.

दिंडोरीच्या चिखलाबद्दल, सिस्टीम नीट झाली तरी ट्रॅक्शन कंट्रोलकडून फार अपेक्षा ठेवू नको. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवतो हे चांगलंय, पण सोबत इंजिनचा दमही कमी करतो, आणि खोल चिखलात गाडी तिथंच बसते. डॅशवर ऑफरोडचं बटण असेल तर ते दाब, डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवतो तो) असेल तर तो लाव, डांबरावर आलास की आधी डिफ लॉक काढ मग वळव.

आडगाव_ट्रेलर
डाव्या बाजूचाच निघाला, चांगलाच मागे सरकला होता. ढकलला, ओहम अठराशे, व्होल्ट पण आलं. द्वारकाला जाऊन मुद्दाम हळू थांबून बघितलं, फुस्स नाही, दिवा नाही. ट्रेलरचा सॉकेट उघडला तर दोन पिना हिरव्या पडल्यात, घासून होईल का नवाच टाकू?

सिन्नर_वायरमन
नवाच टाक. आणि मागची वायर पण ओढून बघ, मडगार्डजवळ घासून तुटलेली असते.