आर्केना शिकलेल्या जादूगाराला खेळात त्याचा खरा उपयोग कसा करून द्यावा?

लश्करकर, ग्वाल्हेर

मंडळी, नमस्कार. गेले सात महिने मी दर रविवारी दुपारी घरातल्याच चौघांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे वठवत, वीस बाजूंच्या फाशाने निकाल ठरवत खेळायचा कथेचा खेळ चालवतो आहे. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती वापरतो, पात्रे चौथ्या लेव्हलवर आहेत आणि डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मीच असल्यामुळे पुढे सांगतो ती चूकही माझीच आहे. माझी मामेबहीण जादूगार खेळते. पात्र तयार करताना तिने मुद्दाम आर्केना, म्हणजे जादूच्या ज्ञानाचे कौशल्य, निवडले आणि बुद्धिमत्ता १६ ठेवली, त्यामुळे फाशावर पडेल त्यात तिला ५ मिळवता येतात.

मागच्या रविवारी भुयारातल्या एका दगडी दारावर निळसर प्रकाशाचे वर्तुळ होते. तिने पुढे वाकून विचारले, "दादा, हे मी कुठे वाचलेलं असेल का रे?" मी मनाशी गाठायचा आकडा १५ धरला आणि फासा टाकायला सांगितला. ४ पडले, बेरीज ९ झाली, आणि "तुला काही आठवत नाही" एवढेच मी म्हणालो. लगेच तलवारबाज खेळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने "मीपण टाकतो" म्हणून फासा उचलला, त्याचे १८ पडले आणि मी वर्तुळाची सगळी हकिकत त्याला सांगून टाकली. बहिणीने तक्रार केली नाही; पात्राच्या कागदावर आर्केनाच्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने काढलेली चांदणी मात्र खोडरबराने पुसली. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. जादूचे ज्ञान हे त्या पात्राचे खरे बळ वाटावे, यासाठी मी नेमके काय बदलावे?

किल्ल्याच्या पायथ्याहून, ग्वाल्हेर

आधी हिशेब मांडतो, कारण तो पाहिल्यावर दोष फाशाचा नव्हता हे कळेल. १५ गाठण्यासाठी तुमच्या बहिणीला १० किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे तिची शक्यता ५५ टक्के. बाकी तिघांना काहीच मिळवता येत नाही असे धरले, तर प्रत्येकाची शक्यता ३० टक्के. चौघांनीही फासा टाकायचा ठरवले की कोणा एकाला तरी उत्तर मिळण्याची शक्यता ८५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि एकूण प्रसंगांपैकी सुमारे ३० टक्के वेळा बहीण चुकलेली असते व न शिकलेला कोणीतरी बरोबर आलेला असतो. जे तुमच्याकडे घडले ते दर तीन-चार प्रसंगांत एकदा घडणारच होते. म्हणून पहिला उपाय असा, की अशा प्रश्नांवर ज्याने ते कौशल्य शिकले आहे त्यानेच फासा टाकावा. हा नियम मनाचा नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३च्या सुधारित नियमांत न शिकलेल्या पात्राला १० किंवा त्याहून सोप्या, म्हणजे सर्वसामान्य माहितीपुरतेच उत्तर मिळे. पाचव्या आवृत्तीने ती अट काढली, पण टेबलावर ती परत आणायला कोणाची हरकत नसते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढणीवर खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर तुम्ही पाहिले असेलच. तिथल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६च्या शिलालेखात देवासाठी दिलेल्या बागेचे माप १८७ हात बाय २७० हात असे आहे आणि रोजच्या ५० माळांचा उल्लेख आहे. मी शाळकरी मुलांना तिथे घेऊन जातो तेव्हा त्यांना आधी नुसता ओरखडे असलेला दगड दिसतो. या ओळीत आकडे आहेत एवढे सांगितले की ती दगडाला नाक लावून शोधू लागतात आणि २७०मधले शेवटचे छोटेसे वर्तुळ सापडले की ओरडतात. ज्याला जुनी लिपी वाचता येते त्याला बाग दिसते. ज्याला गणिताचा इतिहास ठाऊक आहे त्याला तेच वर्तुळ भारतात कोरलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक म्हणून दिसते. दगड एकच, परंतु पाहणाऱ्याच्या तयारीप्रमाणे तो वेगळा होतो.

तुमच्या दाराचे तसेच करा. हे रक्षणाचे वर्तुळ आहे, हे जादूगाराला फाशाशिवायच दिसले पाहिजे. ती ते शिकून आली आहे. ते कोणत्या परंपरेतले आहे आणि कोणता भाग पुसला तर ते निवेल, यासाठी फासा टाकू द्या. कथा पुढे जाण्यासाठी जी माहिती अपरिहार्य आहे ती मात्र फाशामागे कधीच ठेवू नका.

इंदूरहून

वरच्या काकांचे म्हणणे मला बहुतांशी पटते, पण फासा चुकला तरी काहीतरी घडले पाहिजे असे मला वाटते. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत ज्ञानाचा फासा खेळ चालवणारा गुपचूप टाकतो, आणि फारच वाईट पडला तर खेळाडूला चुकीची माहिती देतो. आमच्या गटात मी ते सहा महिने करून पाहिले. परिणाम असा झाला, की आमच्या जादूगाराने विचारणेच सोडून दिले, कारण मिळालेल्या उत्तरावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. आता मी चुकलेल्या फाशाची किंमत वेळेत वसूल करते. "आठवतं आहे, पण अर्धवट, वही काढून दहा मिनिटं बसावं लागेल," असे सांगते, आणि त्या दहा मिनिटांत पहारेकऱ्यांच्या पावलांचा आवाज जवळ येऊ देते. मग बसायचे की निघायचे, हे ती खेळणारी व्यक्तीच ठरवते. ज्ञानाला निवड जोडली की त्याचे वजन आपोआप वाढते.

लढाईचाही विचार आतापासून करून ठेवा, कारण पुढच्याच लेव्हलला तुमच्या बहिणीला काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा मंत्र रोखणारा मंत्र, घेता येईल. समोरचा कोणता मंत्र टाकतो आहे हे ओळखण्यासाठी २०१७च्या पूरक नियमांत १५ अधिक मंत्राची लेव्हल हा आकडा दिला आहे. तिसऱ्या लेव्हलच्या मंत्राला १८ लागतात. तिचे पात्र पाचव्या लेव्हलवर गेले की फाशात मिळवायला तिच्याकडे ६ असतील, तर शक्यता ४५ टक्के. समोरच्याने तो जादूगाराचा मंत्र म्हणूनच टाकला असेल, तर तिला दोन फाशांतला मोठा घेता येतो आणि शक्यता ७० टक्क्यांजवळ जाते. अडचण अशी, की त्याच क्षणी ओळखायला रिॲक्शन, म्हणजे फेरीत एकदाच करता येणारी झटपट प्रतिकृती, खर्च होते आणि काउंटरस्पेललाही तीच लागते, म्हणून एकाच पात्राला ओळखून लगेच रोखता येत नाही. मी आर्केना शिकलेल्या पात्राला रिॲक्शन न मोजता ओळखू देते. त्यामुळे खेळाचा तोल बिघडल्याचा अनुभव मला आलेला नाही, आणि "हा आगीचा गोळा आहे, याला रोखते" असे म्हणताना खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

लश्करकर, ग्वाल्हेर

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. न शिकलेल्यांनी फासा टाकायचा नाही हे भावाला आजच सांगितले. तो थोडा कुरकुरला, पण अंगमेहनतीच्या कामांत बहिणीनेही टाकायचा नाही म्हटल्यावर कबूल झाला. एक शंका राहिली आहे. त्यांना मिळालेली जादूची अंगठीही आर्केनाने ओळखू द्यावी का?

किल्ल्याच्या पायथ्याहून, ग्वाल्हेर

अंगठीचे गुण कळण्यासाठी २०१४च्या नियमांत दोन वाटा आहेतच: आयडेंटिफाय हा पहिल्या लेव्हलचा मंत्र, किंवा लहान विश्रांतीत ती वस्तू हातात घेऊन तिच्यावर लक्ष केंद्रित करणे. विश्रांतीची वाट कोणालाही मोकळी आहे, म्हणून गुणांसाठी आर्केना खर्चू नका. ती कोणी घडवली, कोणासाठी घडवली आणि आतल्या बाजूची खूण कोणत्या घराण्याची आहे, हे आर्केनाने सांगा.

लश्करकर, ग्वाल्हेर

हे उत्तम झाले. दाराच्या वर्तुळाची आकृती मी आज वहीच्या पानावर काढली आहे. पाच रेघांपैकी तीन बहिणीच्या पात्राच्या गुरूंच्या परंपरेतल्या आहेत, चौथी कोणीतरी नंतर घातलेली आहे, आणि पाचवी अंगठीच्या आतल्या खुणेशी जुळते. तीन रेघांपुढे अर्थ लिहून ते पान मी रविवारच्या आधीच तिच्या हातात देणार आहे. उरलेल्या दोन रेघांविषयी काय विचारायचे, ते तिनेच ठरवावे.