सूक्ष्मजीवशास्त्रानंतर सार्वजनिक आरोग्य: एमपीएच करावे की साथरोगशास्त्रात एमएस्सी?

नमस्कार,

सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतल्यानंतर मी एका निदान प्रयोगशाळेत नोकरी करते. आलेल्या नमुन्यांतून जिवाणू वाढवणे, कोणते प्रतिजैविक त्यावर लागू पडते ते तपासणे आणि अहवाल पुढे पाठवणे, असे कामाचे स्वरूप आहे. काम आवडीचे आहे. परंतु एकाच भागातून एकसारखे नमुने वारंवार येऊ लागले की हा योगायोग आहे की त्यामागे काही समान कारण आहे, असा प्रश्न पडतो आणि त्याचा छडा लावण्याची रीत आपल्याला कोणी शिकवलेली नाही हे जाणवते. त्यामुळे सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचे मी ठरवले आहे.

शोध घेताना दोन वाटा समोर आल्या. एमपीएचमध्ये (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) साथरोगशास्त्र (रोग कोणाला, कुठे आणि का होतात याचा अभ्यास), जैवसंख्याशास्त्र (आरोग्यविषयक माहितीचे संख्याशास्त्र), पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन आणि सामाजिक-वर्तनशास्त्र असे सगळेच थोडे थोडे शिकवले जाते, तर साथरोगशास्त्रातील एमएस्सीचा भर संशोधन पद्धती आणि विदा-विश्लेषण (विदा म्हणजे डेटा) यांवर असतो. पहिल्या वाटेने गेल्यास कशातच खोलवर शिरता येणार नाही अशी भीती वाटते, आणि दुसरीने गेल्यास माझे गणित तोकडे पडेल की काय, अशी शंका येते. शिवाय, वैद्यकीय पदवी नसलेल्यांना या क्षेत्रात एका पातळीच्या वर जाता येत नाही, असे काही परिचितांनी सांगितले आहे. यात कितपत तथ्य आहे? पुढे पीएचडी करावीशी वाटली तर आजची निवड आड येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वैद्यकीय पदवीबाबतची शंका आधी घेतो, कारण ती बहुतेक बिगरवैद्यकीय उमेदवारांना नाउमेद करते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा जो अभ्यास १९५० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या दोन लेखकांपैकी रिचर्ड डॉल डॉक्टर होते, पण ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल नव्हते. क्षयरोगामुळे त्यांचे वैद्यकीय शिक्षणाचे बेत बारगळले, त्यांनी पत्रद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथे वैद्यकीय संख्याशास्त्राचे प्राध्यापक झाले. अर्थात, परिचितांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असेही नाही. सरकारी आरोग्य यंत्रणांमधील काही प्रशासकीय पदे नियमानेच डॉक्टरांसाठी राखीव असतात आणि काही विद्यापीठे एमपीएचच्या प्रवेशासाठीही वैद्यकीय पदवी किंवा आरोग्यक्षेत्रातील अनुभव मागतात. परंतु रोगसर्वेक्षण, विदा-विश्लेषण, कार्यक्रमांचे मूल्यमापन आणि संशोधन या कामांत तशी भिंत क्वचितच आढळते.

आता मूळ प्रश्न. पदवीच्या नावावरून निवड करू नका. दोन्ही अभ्यासक्रमांची विषयपत्रिका शेजारी ठेवून जैवसंख्याशास्त्र कुठपर्यंत शिकवले जाते ते पाहा. प्रतिगमन विश्लेषण (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मोजणे), विशेषतः लॉजिस्टिक प्रतिगमन (आजार झाला की नाही, अशा दोनच शक्यता असलेल्या निकालासाठी) आणि जीवितता विश्लेषण (एखादी घटना घडेपर्यंत किती काळ जातो याचा अभ्यास), तसेच आर किंवा स्टाटा यांसारख्या सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष सराव असेल, तर तो एमपीएच असला तरी तुमच्या कामाचा आहे. आणि हे नसेल, तर तो एमएस्सी असूनही तुमच्या प्रश्नाला पुरणार नाही. तुम्ही वर्णन केलेला प्रश्न, म्हणजे एकसारखे नमुने एका भागातून का येतात, हा अस्सल साथरोगशास्त्राचा प्रश्न आहे. त्यासाठी रुग्णांची आणि निरोगी व्यक्तींची तुलना कशी करायची, तुलनेसाठी कोणाला निवडायचे आणि एखादा तिसराच घटक दिशाभूल करतो आहे का, हे ओळखता यावे लागते. त्याला लागणारे गणित अवघड कलनशास्त्राचे (कॅल्क्युलसचे) नसते. संभाव्यता आणि बीजगणित पक्के असले, तर उरलेले सरावाने जमते.

पीएचडीबाबत एवढेच सांगतो की प्रबंधासह केलेला कोणताही अभ्यासक्रम सहसा चालतो. प्रबंधाऐवजी केवळ प्रकल्प अहवाल घेणारे अभ्यासक्रम मात्र आधीच चौकशी करून टाळावेत. डीआरपीएच (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही वेगळी पदवी आहे. ती मुख्यतः संस्थांचे आणि कार्यक्रमांचे नेतृत्व करू इच्छिणाऱ्यांसाठी असते, त्यामुळे तुमच्या वर्णनावरून ती सध्या विचारात घेण्याची गरज दिसत नाही.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु एक तिसरी वाट राहून गेली. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेल्या एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस या, साथींचा तपास करणारे अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या धर्तीवर अनेक देशांत क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे प्रशिक्षण कार्यक्रम चालतात. त्यांचे प्रगत प्रशिक्षण साधारणपणे दोन वर्षांचे असते आणि त्यात वर्गातील वेळ कमी, प्रत्यक्ष उद्रेकांचा तपास जास्त असतो. काही ठिकाणी प्रयोगशाळेतील उमेदवारांसाठी स्वतंत्र शाखा आहे, आणि तुमची नोकरी तिथे जमेची बाजू ठरेल. हे प्रशिक्षण पदवीला पर्याय आहे असे मात्र समजू नये. अनेक जण एमपीएच झाल्यावर ते घेतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. विषयपत्रिका शेजारी ठेवून पाहिल्या, आणि माझ्या यादीतील एका एमएस्सीत लॉजिस्टिक प्रतिगमन केवळ ऐच्छिक विषयात आहे, तर एका एमपीएचमध्ये ते अनिवार्य आहे, हे लक्षात आले. प्रबंधासाठी विद्यार्थ्याला स्वतःची विदा गोळा करावी लागते की संस्थेकडील उपलब्ध विदा वापरता येते, हे विचारणारे पत्र दोन्हीकडे पाठवले आहे. नोकरी सांभाळून प्रबंध करणाऱ्यांनी यांपैकी कोणता मार्ग स्वीकारला, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १

नोकरी सुरू असेल, तर उपलब्ध विदा वापरणे सोयीचे. तुमच्या प्रयोगशाळेतील जुने अहवाल रुग्णांची ओळख काढून टाकून वापरता येतील का, याची संस्थेकडे लेखी विचारणा आताच करा. संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीला अनेकदा काही महिने लागतात, आणि प्रबंध रखडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.