मदत हवी आहे: सिंगापूर ते भुसावळ, दोन लहान मुलं आणि मी एकटी

केळीवाली:

नमस्कार मंडळी. सध्या सिंगापूरला दिरांकडे आहोत. आलो होतो चौघं, पण मागच्या आठवड्यात यावलकडे वादळ झालं आणि आमची निसवलेली केळीची बाग आडवी झाली. घडांसकट खोडं जमिनीवर. पंचनाम्याला मालक हजर हवा, म्हणून हे तिकीट बदलून पुढे गेले. आता शुक्रवारी मी एकटी परततेय. मुलगा साडेचार वर्षांचा. मुलगी बुधवारी दोन वर्षांची होते.

सगळी गोम त्या बुधवारात आहे. तिचं जायचं-यायचं तिकीट मांडीवरच्या बाळाचं काढलंय. ज्याच्याकडून काढलं त्याला मी तेव्हाच विचारलं होतं, तर म्हणाला, "ताई, निघताना दोनच्या आत आहे ना? मग झालं." तेव्हा पटलं. आता रात्री झोप लागत नाही. काउंटरवर अडवतील का?

दुसरं म्हणजे कान. येताना विमान उतरायला लागलं तशी ही अशी किंचाळली की पुढच्या चार रांगांनी मान वळवली. उजवा कान मुठीत धरून ओढत होती, पाठ ताठ केलेली, दूध तोंडाला लावू देईना. उतरल्यावर एक मोठी जांभई दिली आणि एकदम गप्प, जसं काही झालंच नव्हतं. तेव्हा हे होते, आळीपाळीने घेतलं. आता एका हातात ही, दुसऱ्या हातात तो. सासूबाई फोनवर म्हणतात जायफळ उगाळून दे, झोपून येईल. एका मैत्रिणीने सर्दीचं सिरप सुचवलंय.

तिसरं, मुंबईनंतरचं. विमान इथून संध्याकाळी सातला निघतं, आपल्या घड्याळाने रात्री दहाला मुंबईत. मुलांच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतील. हे म्हणतात, गाडी घेऊन येतो, रातोरात भुसावळ गाठू. मला सकाळची गीतांजली एक्सप्रेस बरी वाटते. जळगावच्या विमानाची वेळ आमच्याशी जुळत नाही, ते सोडून बोला.

तापीकाठ:

ताई, अडवतील. वय प्रवासाच्या दिवसाचं धरतात आणि प्रत्येक फेरीचं वेगळं. बुधवारी दोन पूर्ण झाली की शुक्रवारी तिला स्वतःची सीट लागणार, मग जातानाचं तिकीट काहीही असो. आजच कंपनीला फोन करा. काउंटरवर निघालं तर त्या दिवशीचा भाव पडेल, तोही सीट उरली असेल तर. एजंटाशी भांडण भुसावळला आल्यावर करा, तो कुठे पळत नाही.

सीट घेताना तिन्ही एका ओळीत मागून घ्या. आपोआप शेजारी बसवतील या भरवशावर राहू नका. पोर खिडकीशी, तुम्ही मध्ये.

केळीवाली:

केला फोन. पाऊण तास गाणं ऐकवलं, मग तेच सांगितलं. नुसता फरक भरून भागलं नाही, परतीचं अख्खं तिकीट भरावं लागलं. तीन सीट एका ओळीत मिळाल्या. हे म्हणाले, एक गाडी केळी गेली समज. एवीतेवी बाग गेलीच आहे.

निवृत्त परिचारिका:

बालरोग विभागात वीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते.

जायफळ नको. त्याचं किती पोटात जातंय हे उगाळताना कळत नाही, आणि जास्त झालं तर ते विषासारखं वागतं. उलट्या, बेचैनी, धडधड. सिरपही नको. झोप आणणारी ही औषधं काही मुलांना उलट जास्त चेकाळवतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं आपल्याच औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात सांगितलंय. तुमची तर दोनची आहे. जमिनीपासून हजारो फुटांवर प्रयोग नको.

कानाचं गणित सोपं आहे. घशाकडून मधल्या कानात हवा नेणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि आडवी असते. विमान वर जाताना कानातली हवा बाहेर पडते, ते फारसं अवघड नाही. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, हवा आत शिरायला हवी, आणि नळी मिटलेली असली की पडदा आत ओढला जातो. म्हणून तुमचं बाळ चढताना नाही, उतरताना ओरडलं. गिळताना किंवा जांभई देताना नळी उघडते. जांभईनंतर ती गप्प का झाली, ते आता कळलं असेल.

तेव्हा उतरताना काहीतरी गिळत राहायला हवं. बहुतेक माता इथेच चुकतात, चाकं टेकायच्या वेळी बाटली काढतात. उतरणं त्याच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं. इंजिनाचा आवाज बदलला, कानाला दडा बसल्यासारखं वाटलं की सुरू करा. झोपली असेल तर तेव्हाच उठवा. जिवावर येईल, पण झोपेत मूल कमी गिळतं. आणि मधल्या पाच तासांत सारखं पाजू नका, नाहीतर ऐनवेळी तोंड फिरवेल. सर्दी किंवा कान दुखणं असेल तर मात्र निघण्याआधी तिथल्याच डॉक्टरांना कान दाखवून घ्या.

सातपुडा:

थोरल्याला च्युइंगम द्या, चघळत बसेल.

केळीवाली:

भाऊ, सिंगापुरात १९९२पासून च्युइंगमच्या विक्रीवर बंदी आहे! दिरांना विचारलं तर ते हसायलाच लागले. शिवाय साडेचार वर्षांचं पोर, गिळून टाकायचं. त्याच्यासाठी स्ट्रॉचा डबा घेतलाय.

नेहमीचा प्रवासी:

विमानतळाबद्दल दोन गोष्टी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल ४ सोडलं तर हँडबॅगेची तपासणी अगदी गेटपाशी होते. पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागेल. बाळाच्या दुधाला आणि खाण्याला १०० मिलीची अट नसते, फक्त प्रवासापुरतं ठेवा आणि बॅगेतून वेगळं काढून दाखवा. तपासणीच्या आत शिरलं की शौचालय असेलच असं नाही, म्हणून थोरल्याला आधी नेऊन आणा. त्याने "नाही लागली" म्हटलं तरी. तिथे बाबागाड्या फुकट मिळतात. घरची असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत नेता येते का, ते काउंटरवरच विचारा आणि तिला टॅग लावून घ्या.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातच ठेवा. नाहीतर बॅग उघडायला परत बोलावतील, आणि तेव्हा दोन्ही पोरं कुणाच्या ताब्यात देणार?

धुळेकर:

काही घाबरू नका ताई, पण ती रातोरात गाडीची भानगड करू नका. हिशोब मांडा. दहाला उतरलात, बॅगा घेऊन बाहेर पडायला अकरा-साडेअकरा. नवरोबांनी त्यासाठी भुसावळहून दुपारीच निघायला हवं, म्हणजे अंगावर आधीच साडेचारशे किलोमीटर. मग परत तेवढंच, अंधारात, कसारा घाटासकट. चांदवड-मालेगावदरम्यान पहाटे तीनला डोळा लागतो हे मी स्वतःवरून सांगतो. दैव बलवत्तर म्हणून दुभाजकावरच निभावलं.

कल्याण-ठाण्याला कुणी नातेवाईक असेल तर तिथे चार तास पाठ टेका. गीतांजली सीएसएमटीहून सकाळी सहाला सुटते, कल्याणला चढा, दुपारच्या जेवणाला घरी. दोन्ही मुलं पाचच्या आतली, म्हणजे रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. पूर्ण भाडं भरून एक जादा बर्थ घ्याच. नवरोबांना भुसावळ स्टेशनावर उभं करा, फलाटावर बॅगा उतरवायला.

सूनबाई जामनेरच्या:

खाण्याचं कुणी बोललंच नाही! जाऊबाईंना दशम्या करायला सांगा. गूळ घातलेल्या दुधात कणीक मळायची, पाणी अजिबात नको. दोन दिवस टिकतात, सांडत नाहीत. विमानातल्या जेवणाला माझ्या पोरांनी कधी हात लावला नाही.

केळीवाली:

पोचलो. काल दुपारी.

सुरुवातीलाच फजिती. मुलीने स्वतःच्या सीटवर बसायला साफ नकार दिला. एवढे पैसे भरून घेतलेली सीट, आणि ही माझ्या गळ्यात. पट्टा लावायची वेळ आली तेव्हा दशमीचा एक तुकडा तिच्या हातात दिला, दुसरा खिडकीच्या कडेवर ठेवला. तो घ्यायला ती सीटवर सरकली, मी तेवढ्यात पट्टा लावला. पुढे चार तास दोघं झोपले. मी मात्र इंजिनाचा आवाज ऐकत जागी.

आवाज बदलल्यावर उठवलं. रडली, चिडली, बाटली ढकलली. परिचारिका काकूंचं वाक्य आठवून मी रेटून धरलं. तिसऱ्यांदा तिने दोन घोट घेतले आणि मग डोळे मिटूनच पीत राहिली. कानाला हात गेला नाही. ओरडला तो थोरला! त्याला स्ट्रॉने पाणी प्यायचं नव्हतं, कारण स्ट्रॉ हिरवी होती. मांडीवर दशमी, गळ्यात दूध, आणि मी पिशवीत पिवळी स्ट्रॉ शोधतेय.

मुंबईत बॅगा यायला वेळ लागला. कल्याणला मावशींकडे एकला पोचलो. गीतांजलीत जादा बर्थ घेतली ते फार बरं झालं, धुळेकर भाऊ. इगतपुरीपासून दोघं त्यावर उलटसुलट पसरले होते. भुसावळला हे फलाटावर उभे होते, बागेतून थेट आलेले, पायाला चिखल. पंचनामा झालाय, पैसे कधी येतील कोण जाणे.

आता एकच प्रश्न राहिलाय. आज दोघंही पहाटे साडेचारला टुक्कन उठून बसले. तिकडचे सात, उठायची वेळ! सासूबाई म्हणतात, बघ, जायफळ दिलं असतंस तर. हे किती दिवस चालतं, कुणी सांगेल का?